दोन फुटी रीफ टाकीवरून चार फुटीवर, खिसा सांभाळून

चार फुटी टाकी सांगायला गेलात की काचवाला आधी उंची विचारतो, आणि बहुतेक जण सवयीनं ‘दोन फूट’ म्हणून मोकळे होतात. रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे ठेवायची टाकी, मोठी करायची आणि खिशालाही झेपायला हवी, तर उत्तर दीड फूट हवं. या एका मापावर पुढचे निम्मे खर्च ठरतात.

हिशेब असा. ४ × २ × २ फुटांची टाकी १६ घनफूट, म्हणजे सुमारे ४५३ लिटर. ४ × २ × १.५ फुटांची १२ घनफूट, म्हणजे ३४० लिटर. तळ दोन्हींचा सारखाच, आणि दगड-प्रवाळ मांडायला तळच लागतो. दोन फूट उंचीला १२ मिमी काच घालावी लागते. दीड फुटाला वरच्या कडेवर चारही बाजूंनी २ इंची पट्टी मारली तर १० मिमी पुरते. वरच्या सहा इंचांत नुसतं पाणी असतं, पण त्या पाण्याला मीठ लागतं, ते गार ठेवायला वीज लागते, आणि त्यातून तळापर्यंत उजेड पोचवायला दिवाही मोठा लागतो. शिवाय दीड फुटी टाकीत तळापर्यंत हात नीट पोचतो. पुढे रोज कामाला येणारी सोय हीच.

पुढची सगळी मापं एका उदाहरणावर दिली आहेत: जुनी टाकी २ × १.२५ × १.२५ फूट, सुमारे ८८ लिटर, त्यात क्लाउनफिशची जोडी आणि मऊ प्रवाळ. नवी ४ × २ × १.५. काठापासून दोन इंच रिकामे सोडले आणि दगड-वाळूची जागा वजा केली तर नव्या टाकीत खरं पाणी २६५ लिटरच्या आसपास बसतं. सम्पमध्ये (खाली स्टँडमध्ये ठेवलेल्या फिल्टरच्या टाकीत) आणखी ५०. म्हणजे एकूण सुमारे ३१५ लिटर.

कोणते प्रवाळ, हे आधी

दिवे, पंप, रसायनं सगळं यावर ठरतं, आणि भारतात यात कायदाही येतो. रीफ बांधणारे दगडी प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे, समुद्री काकड्या हे सगळे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. २०२२च्या दुरुस्तीत अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, तरी दगडी प्रवाळांचं संरक्षण कायम आहे. हे संरक्षण मेलेल्या सांगाड्यालाही लागू होतं. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला पांढरा तुकडा असो की दुकानात ‘ड्राय रॉक’ म्हणून विकला जाणारा प्रवाळाचा सांगाडा, दोन्ही टाळायचे. समुद्रातल्या रीफचं नुकसान करून घरात रीफ उभी करण्यात काहीच अर्थ नाही.

कमी खर्चाच्या टाकीसाठी मऊ प्रवाळच योग्य: झोअँथस, मशरूम, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप. ५० ते १२० पारच्या (प्रवाळांना वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) उजेडात ते वाढतात आणि कॅल्शियम फारसं खात नाहीत, त्यामुळे डोसिंग पंपांचा (रसायनं मोजून सोडणाऱ्या पंपांचा) खर्च वाचतो. विकत घेताना बिल आणि आयातीच्या कागदाची प्रत मागा. क्लाउनफिश मात्र पैदाशीतलाच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याच्या प्रजननाचं तंत्र बसवलेलं आहे. टाकीत जन्मलेला मासा गोळी खातो आणि टिकतो.

वजन, स्टँड, काच

पाणी ३२५ किलो, काच ६०, दगड २०, वाळू २७, स्टँड आणि सम्पची काच मिळून ६०-६५. एकूण ४९५ किलोच्या घरात. हे सगळं पाऊण चौरस मीटरवर येतं, म्हणजे त्या जागेवर चौरस मीटरला सुमारे ६६५ किलो. आपल्याकडे राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या भारासाठी आखलेला असतो. तो भार पूर्ण खोलीभर धरलेला असतो, म्हणून टाकी ठेवताच स्लॅब खचतो असं नाही, पण जागा निवडून ठेवायची: खाली तुळई असलेल्या भिंतीला लागून. बाहेर काढलेल्या गॅलरीत कधीच नाही. इमारत जुनी असेल, खालून प्लास्टर सुटत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी या सगळ्यात सगळ्यात लहान खर्च आहे.

स्टँडसाठी ४० × ४० मिमी, २ मिमी जाडीचा एमएस चौकोनी पाइप. वेल्डिंग झालं की सांधे घासून, प्राइमरवर इपॉक्सी रंगाचे दोन हात. पाइपांची उघडी तोंडं बंद करून घ्या, कारण गंज आतून सुरू होतो. वर १८ मिमी मरीन प्लाय, त्यावर १० मिमी थर्माकोल. रिकामी टाकी वर ठेवून चारही बाजूंना लेव्हल धरा. ४ फुटांत २-३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर स्टँडच्या पायांखाली पत्र्याच्या चकत्या घाला. टाकी आणि प्लायच्या मधे पाचर ठोकली तर सगळं वजन एका बिंदूवर येतं आणि तळाची काच तडकते.

काच सांगताना तीन गोष्टी लिहून द्या. साधी काच हवी, टफन केलेली नको, कारण टफन काचेला नंतर भोक पाडता येत नाही. सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेलं हवं. बाथरूमसाठीचं चालत नाही. आणि ओव्हरफ्लोची (टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरवणारी) भोकं टाकी जोडण्याआधी पाडायची. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी आत हवी. टँक निपल हातात आल्याशिवाय भोकाचं माप सांगू नका. एक इंची निपलची बाहेरची जाडी कंपनीगणिक बदलते. छतावरच्या टाकीला वापरतात तेच प्लास्टिकचे निपल आणि यूपीव्हीसी पाइप इथेही चालतात, फक्त आत पितळी सुटा भाग नाही ना ते पाहा. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ मरतात.

जोडलेली टाकी सात दिवस सुकू द्या. मग आपल्या स्टँडवर, आपल्या जागी, नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरून तीन दिवस ठेवा. कारागिराच्या दुकानातली चाचणी वेगळ्या फरशीवरची असते.

पाणी खाली कसं उतरतं

दोन भोकं, दोन पाइप. पहिला पूर्ण पाण्याखाली राहतो आणि त्यावर गेट व्हॉल्व्ह असतो; व्हॉल्व्ह हळूहळू आवळत आणला की पाइपात हवा राहत नाही आणि आवाज थांबतो. दुसरा त्याच्यापेक्षा दोन इंच उंच, एरवी कोरडा. पहिल्यात गोगलगाय अडकली तर पाणी दुसऱ्यातून उतरतं. या दुसऱ्या पाइपवर व्हॉल्व्ह बसवायचा नाही, काही झालं तरी. पहिल्यावर बॉल व्हॉल्व्ह बसवून पैसे वाचवायला जाल तर बारीक जुळवणी कधीच जमत नाही.

वीज गेली की वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंत खाली येतं. या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे ७.४ लिटर, अडीच सेंटिमीटर उतरलं तर १८ लिटर, वर पाइपातलं वेगळं. तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी. रिटर्न पाइपला (सम्पमधलं पाणी वर आणणाऱ्या पाइपला) पाण्याच्या पातळीखाली सेंटिमीटरभर एक बारीक भोक पाडा, म्हणजे पातळी तिथवर आली की हवा आत शिरते आणि उलटा सायफन तुटतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका. त्यात शेवाळ आणि चुन्याचे थर बसतात आणि ऐन वेळी तो बंद होत नाही.

रिटर्न पंपाला प्रत्यक्षात तासाला १२०० ते १५०० लिटर एवढंच काम हवं. दीड मीटर उंचीवर पाणी चढवताना पंपाचा प्रवाह बराच घटतो, म्हणून डब्यावर ३००० लिटरचा आकडा असलेला पंप घ्या. टाकीतला प्रवाह रिटर्नमधून काढू नका, ते वेव्हमेकरचं (टाकीत बसवायच्या प्रवाहाच्या पंपांचं) काम: ताशी ४०००-५००० लिटरचे दोन, आलटून पालटून चालणारे.

सगळ्या विजेच्या उपकरणांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग हवंच. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडतं, सॉकेटात जात नाही.

दगड, वाळू, पाणी

एकूण २० किलो दगड पुरे. जुन्या टाकीतले ८-१० किलो येतील, उरलेले नवे. विकतचा सिरॅमिक दगड सोपा पण महाग. दोन महिने हाताशी असतील तर घरी करा: एक भाग पोर्टलँड सिमेंट, दोन भाग शिंपल्यांचा चुरा, दोन भाग जाडं मीठ. चुरा कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळतो. पाणी जेमतेम मूठ वळेल एवढंच. ओल्या वाळूत खळगे करून त्यात थापा, तीन दिवस झाकून ठेवा, मग पिंपात बुडवून तीन-चार दिवसांनी पाणी बदलत राहा. मीठ विरघळून दगड सच्छिद्र होतो. सिमेंटमधला चुना निघायला सहा ते आठ आठवडे लागतात. पाणी दोन दिवस न बदलता पीएच ८.५ खाली राहिला की दगड तयार. घाईनं घातला तर टाकीचा पीएच ९च्या वर जातो आणि मासे धापा टाकायला लागतात.

वाळू नवीच, १-२ मिमी अरॅगोनाइट, एक इंच थरासाठी २७ किलो. जुनी वाळू उचलून नेऊ नका. तिच्या खालच्या थरात गाळ आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेलं असतं. ते ढवळलं की एका रात्रीत टाकी जाऊ शकते. वरवरची वाटीभर वाळू धुऊन नव्या वाळूवर पसरलीत तर बारीक जीव येतात, तेवढं पुरे. चौपाटीची किंवा बांधकामाची वाळू मुळीच नको.

नवं पाणी सुमारे २६५ लिटर, लिटरला ३७ ग्रॅम धरून १० किलो सॉल्ट मिक्स. पुढे दर आठवड्याला ३० लिटर बदललं तर महिन्याला साडेचार-पाच किलो. मिठाचा डबा निवडताना त्याची अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी क्षारता, ती डीकेएचमध्ये मोजतात) पाहा. जुनी टाकी ८ डीकेएचवर असेल आणि मीठ ११चं असेल तर प्रवाळांना तो धक्का बसतो. ८ ते ९ डीकेएचचं साधं मीठ स्वस्तही असतं. मुंबईच्या किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी आणून पैसे वाचवायचा विचार सोडा. त्यात सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात खारटपणाही घसरतो.

स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही, कारण चवीसाठी त्यात खनिजं परत मिसळलेली असतात. १०० जीपीडीची (दिवसाला १०० गॅलनची) सुटी मेंब्रेन, बूस्टर पंप आणि शेवटी रंग बदलणारी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) अशी जोडणी लागते. टीडीएस शून्य. लिटरभर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर बाहेर पडतं. ते पिंपात साठवून फरशी आणि संडासाला वापरा. टँकर किंवा बोअरवेलवर राहणाऱ्यांची रेझिन लवकर संपते, त्यांनी मेंब्रेननंतरचा टीडीएस दर महिन्याला मोजावा.

उष्णता आणि बिल

इथे शहर पाहून ठरवायचं. पुणे-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर तिरपा मारलेला पंखा तीन-चार अंश उतरवतो. मुंबई-गोव्यात मेपासून हवेतच इतकी वाफ असते की पंखा जेमतेम एक-दोन अंश देतो. पाणी २५ ते २७ अंशांवर हवं, २९वर प्रवाळ मिटू लागतात, ३०च्या वर पाण्यात प्राणवायूही कमी पडतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी चिलरचे पैसे पहिल्याच यादीत धरावेत आणि त्यासाठी दिवे आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) जुने वापरावेत. पंख्यानं रोज चार-पाच लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, म्हणून भर नेहमी गोड्या आरओ पाण्याची घालायची.

दिवे दोन मिळून २०० वॉट, आठ तास: १.६ युनिट. रिटर्न, वेव्हमेकर आणि स्किमर मिळून दिवसाला दोन. महिन्याला साधारण ११० युनिट. २५० वॉटचा चिलर दिवसातून दहा तास चालला तर आणखी ७५. युनिटला १० रुपये धरा: ११०० आणि ७५०. टाकी घेण्याआधी हा आकडा घरात सांगून टाका.

जुनं सामान घ्यायचं तर दिवे आणि स्किमर घ्या, व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून. हीटर कधी जुना नको. कोणाची वापरलेली टाकी किंवा दगड घेत असाल तर त्यात तांब्याचं औषध घातलं होतं का हे विचारा. घातलं असेल तर सोडून द्या.

हलवण्याचा दिवस

तीन आठवडे आधी सिरॅमिक रिंग्जची दोन-तीन किलोची पिशवी जुन्या टाकीच्या प्रवाहात ठेवा. जीवाणू दगडावर आणि अशा माध्यमावर असतात, पाण्यात नसल्यातच जमा. म्हणून जुनं पाणी नेल्यानं टाकी ‘सायकल’ होत नाही, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू तिच्यात बसत नाहीत; त्यानं फक्त रसायन सारखं राहतं.

दोन दिवस आधी नवी टाकी वाळू, नवे दगड आणि खाऱ्या पाण्यानं चालू करा. जुन्या टाकीचा माल बसेल एवढी जागा, साधारण ५० लिटर, सोडा. खारटपणा, तापमान, डीकेएच तिन्ही जुन्याशी जुळवा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणावर तपासून घ्या. आरओ पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५वर चुकीचा असू शकतो.

त्या दिवशी क्रम बदलू नका. काहीही न हलवता आधी वरचं स्वच्छ ५० लिटर पाणी सायफननं दोन पिंपांत काढा. मग प्रवाळ, एकेक, पाण्यातल्या पाण्यात डब्यात. झोअँथस आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. त्यांचा दगड कोरड्यानं घासू नका, गरम पाणी ओतू नका, चिळकांडी डोळ्यांत जाऊ देऊ नका. नंतर दगड: प्रत्येक दगड जुन्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा जोरात हलवून गाळ झाडायचा आणि थेट नव्या टाकीत. ती बादली ओतून द्यायची. मासे शेवटी, कारण दगड निघाले की जाळी एका झटक्यात लागते. माशांच्या पिंपात हवेचा दगड चालू ठेवा. वाळूला हात मासे बाहेर पडल्यावरच.

पिंपातलं पाणी नव्या टाकीत घाला, पण तळाचा दोन इंच गाळ तसाच सोडा. प्रवाळ पहिले दोन आठवडे वाळूवर, दिवा तीस टक्क्यांवर, मग आठवड्याला पाच टक्के वाढ. स्किमर दोन-तीन दिवस उतू जाईल, कप सैल ठेवा.

पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ अमोनिया मोजा. ०.२५ पीपीएम दिसला तर खाणं बंद, ३० टक्के पाणी बदल, आणि अमोनिया बांधणारं औषध हाताशी. पाणी दुधाळ झालं तर ती जीवाणूंची वाढ. प्राणवायू घटतो म्हणून पृष्ठभाग खळबळता ठेवा, तीन-चार दिवसांत निवळतं.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येतात आणि सिलिका संपली की जातात. उलट नव्या दगडांवर फॉस्फेट चिकटून पाण्यातलं शून्यावर आलं तर बुडबुडे धरलेली चिकट तार येते, म्हणजे डायनोफ्लॅजलेट. ते घालवणं फार त्रासाचं. त्यामुळे नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ असं ठेवा. ‘पाणी जितकं स्वच्छ तितकं चांगलं’ हे रीफमध्ये खरं नाही. डीकेएच घसरला तर ३०० लिटरमध्ये ९ ग्रॅम खाण्याचा सोडा साधारण १ डीकेएच वाढवतो. आरओ पाण्यात विरघळवून, दिवसाला अर्ध्या डीकेएचहून जास्त चढवायचा नाही. बेकिंग पावडर नव्हे. चुन्याची निवळीही स्वस्तात काम करते: फूडग्रेड कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरला दीड ग्रॅम, वरची नितळ निवळी रात्री थेंबथेंब. पानाचा चुना नको.

सहा आठवडे एकही नवा मासा नाही. तोवर सम्प म्हणून ६०-७० लिटरचा फूडग्रेड टब चालवा, पाणी फक्त २० सेंटिमीटर, नाहीतर बाजू फुगतात. रिकामी झालेली दोन फुटी टाकी या काळात व्हिनेगरनं धुऊन सुकवा आणि ५ मिमी काचेच्या पट्ट्यांनी तीन कप्पे करा: फिल्टर सॉक, स्किमर, रिटर्न. पट्टीची उंची २२ सेंटिमीटर, तेवढ्या पातळीवर सम्पमध्ये ५० लिटर पाणी राहतं आणि वर ३५ लिटरची मोकळी जागा. ओव्हरफ्लोच्या पाइपांवर युनियन (हातानं सोडता येणारे जोड) आधीच बसवलेले असतील तर टब काढून ही टाकी सरकवायला अर्धा तास पुरतो: रिटर्न बंद, उतरलेलं पाणी पिंपात, युनियन सोडा, टाकी आत, पुन्हा आवळा, पिंपातलं पाणी परत, आणि मग वीज बंद-चालू करून तीनदा पाहा की पाणी कडेच्या किती खाली थांबतं.